थायरॉईडची गोळी : मात्रा बदलल्यावर किती थांबायचे?

पालकसभा संपल्यावर शाळेच्या जिन्यात ज्या गप्पा रंगतात, त्यांत मुलांच्या गुणांच्या खालोखाल आता थायरॉईडचा विषय असतो. "माझी पन्नासची होती, डॉक्टरांनी पंच्याहत्तर केली. पंधरा दिवस झाले, काही फरक नाही, म्हणून मीच शंभर सुरू केली," असे एखाद्या आई सहज सांगून जातात. गोळी कोणती आणि किती, हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे. त्यात आम्ही लुडबूड करणार नाही. परंतु मात्रा बदलल्यावर किती थांबायचे आणि का थांबायचे, हे ज्या घरात ही गोळी आहे त्या प्रत्येक घराला ठाऊक असावे असे आम्हाला वाटते. आणि अशी घरे थोडी नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आपल्या हैदराबादसह देशातील आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले होते. त्यांतील सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉईड ग्रंथी कमी काम करत होती. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण बरेच जास्त होते.

गळ्याच्या पुढच्या भागात असलेली ही ग्रंथी (मराठीत अवटू ग्रंथी) थायरॉक्सिन नावाचा स्राव तयार करते. शरीरातील उष्णता, हृदयाची गती, पचन, वाढ, मेंदूचा विकास अशा अनेक गोष्टी त्यावर अवलंबून असतात. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीवर उपचार केले आणि ती बाई पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. आज मेंढी शोधावी लागत नाही. छोट्या पांढऱ्या गोळीत प्रयोगशाळेत तयार केलेले तेच थायरॉक्सिन असते, तेही मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजलेले. इतक्या बारीक मापाच्या औषधात पंचवीसची भर ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आता रिपोर्टाकडे वळू. सर्वांत मोठा घोटाळा तिथेच होतो. रिपोर्टात टीएसएच नावाचा आकडा असतो. हा थायरॉईडचा स्राव नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी थायरॉईडला "काम कर" असा जो निरोप धाडते, तो हा टीएसएच. वर्गात मुले ऐकत नसली की बाईंचा आवाज चढतो, तसेच इथे आहे. रक्तात थायरॉक्सिन कमी पडले की टीएसएच चढतो, जास्त झाले की उतरतो. म्हणून "टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढला, तेव्हा गोळी कमी करू" हा हिशेब पूर्ण उलटा आहे. हा हिशेब करून परस्पर गोळी अर्धी केलेली माणसे आमच्या ऐकिवात आहेत, आणि ती चांगली शिकलेली आहेत.

मात्रा बदलल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगतात, त्यामागे साधे गणित आहे. आठवी-नववीच्या मुलांना ते घरी करायला द्यायला हरकत नाही. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे आज मात्रा वाढवली, तर पहिल्या आठवड्याअखेर रक्तातली पातळी नव्या मुक्कामाच्या वाटेवर निम्मे अंतर कापते. दुसऱ्या आठवड्यात उरलेल्याचे निम्मे, म्हणजे एकूण ७५ टक्के. तिसऱ्याअखेर ८७.५, चौथ्याअखेर जवळपास ९४, पाचव्याअखेर ९७ आणि सहाव्याअखेर ९८ टक्क्यांच्या वर. हे झाले थायरॉक्सिनचे. पीयूष ग्रंथी त्याच्याही मागून येते. महिनोन्‌महिने चढ्या आवाजात बोलायची सवय लागलेली ती, तिचा स्वर खाली यायला आणखी वेळ लागतो.

मग पंधराव्या दिवशी रक्त दिले तर काय होईल? टीएसएच अजून चढाच दिसेल. तो पाहून कोणी मात्रा आणखी वाढवली, तर महिन्याभराने दोन्ही वाढींचा परिणाम एकदम अंगावर येतो. छातीत धडधड, हात कापणे, झोप न लागणे, चिडचिड. मग घाबरून गोळी एकदम कमी केली जाते, पुन्हा सुस्ती आणि सूज येते, आणि "मला हे औषध सोसत नाही" असे म्हणून गोळी बंद. वस्तुतः पहिलीच वाढ कदाचित अगदी योग्य होती. तिला वेळ मिळाला नाही, इतकेच. थकवा दोन-तीन आठवड्यांत थोडा कमी वाटू लागतो. केस आणि त्वचा सुधारायला कित्येक महिने जातात. तेवढ्यावरून मात्रा चुकली असे ठरवू नये.

वयस्क माणसांच्या बाबतीत घाई विशेष महाग पडते. सासूबाईंना हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर बहुधा १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासूनच सुरुवात करतात आणि सहा-आठ आठवड्यांच्या टप्प्यांनी हळूहळू चढतात. मात्रा जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडेही ठिसूळ होतात. सत्तरीनंतर टीएसएच थोडा वर राहिला तरी अनेकदा डॉक्टर तो चालवून घेतात; सुनेच्या रिपोर्टाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. मात्र छातीत दुखले किंवा धडधड थांबेना, तर सहा आठवडे मोजत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

थांबणे चुकीचे ठरते अशा दोन जागा आहेत.

पहिली गरोदरपणाची. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढू लागते. म्हणून आधीपासून गोळी चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना कळवावे. पुढच्या महिन्याच्या तपासणीपर्यंत वाट पाहू नये. बहुधा मात्रा पाव ते तीस टक्क्यांनी वाढवतात. आठवड्याला सातच्या ऐवजी नऊ गोळ्या, अशा सोप्या रीतीनेही ते सांगितले जाते. नंतर गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी असते. बाळंतपणानंतर मात्रा सहसा पूर्वीइतकी करतात आणि सहा आठवड्यांनी पुन्हा पाहतात. मूल हवे असे ठरवल्यावर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवणे सर्वांत उत्तम. लेकी-सुनांना हे कुणीतरी सांगायला हवे, आणि ते सांगायला घरात संकोच होतो हे आम्ही जाणतो.

दुसरी जागा तान्ह्या बाळांची. काही बाळांत ही ग्रंथी जन्मतःच नसते किंवा नीट काम करत नाही. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते कळते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर बुद्धीची वाढ बहुधा नीट होते. उशिराने झालेली हानी नंतर भरून काढता येत नाही. बाळ भराभर वाढत असल्याने पहिले सहा महिने दर एक-दोन महिन्यांनी तपासणी लागते. गोळी चिरडून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून द्यावी. सोयाच्या दुधात देऊ नये.

मोठ्यांची मात्रा एकदा बसली, की वर्षातून एकदा तपासणी सहसा पुरते. मात्र वजनात मोठा फरक पडला, फिट्सचे किंवा क्षयाचे औषध सुरू झाले, किंवा दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली, तर पुन्हा सहा-आठ आठवड्यांनी रक्त पाहावे लागते.

कधीकधी आकडा हलतो आणि दोष मात्रेचा नसतोच. गोळी चहासोबत घेतलेली असते! सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, हा नियम. ज्यांना सकाळी चहाशिवाय चालतच नाही (शिक्षकदालनात अशांची संख्या मोठी आहे), त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. रोजची वेळ मात्र एकच हवी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास दूर ठेवाव्यात. केसांसाठी घेतात त्या बायोटिनने काही प्रयोगशाळांतील रिपोर्ट फसवा येतो, तेव्हा रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ती बंद ठेवावी. टीएसएच दिवसभरात खाली-वर होतो, म्हणून दर वेळी सकाळीच रक्त द्यावे आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. एखादा दिवस गोळी चुकली तर घाबरायचे कारण नाही. सात दिवसांचे गणित इथे आपल्या बाजूने असते.

शाळेतील मुलांविषयी थोडे. उंची वाढायची थांबली, मूल मंदावले, सतत थंडी वाजते, बद्धकोष्ठ आहे, अक्षर आणि अभ्यास एकाएकी घसरला, अशा गोष्टी एकत्र दिसल्या तर आम्ही पालकांना कळवतो. आळशी म्हणून शिक्का मारण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावे. ज्या मुलांना गोळी सुरू आहे, त्यांच्या पालकांनी शाळेच्या आरोग्यपत्रकात चालू मात्रा आणि ती शेवटची कधी बदलली ती तारीख, दोन्ही लिहावीत. सहलीला मुक्काम असेल तर गोळ्या मोजून, नाव घातलेल्या डबीत, वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.