एकच पंजा की चारही?

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूरच्या आसपासचं माळावरचं गवत वाळून पिवळं पडतं. बालाघाटाच्या उतारावर सीताफळं डोळे उघडू लागतात. शेळ्या-गुरांमागं कुत्री दिवसभर त्या गवतातून फिरतात आणि संध्याकाळी ओसरीवर येऊन पडली की पुढचा पाय तोंडाशी धरून चाटत बसतात. घरातली माणसं म्हणतात, दमलंय, पाय साफ करतंय. थोडंफार चाटणं हा कुत्र्याचा नेमच आहे. पण हाक मारली तरी मान वर होत नाही, केस झडून कातडी लाल दिसते, रात्री त्या आवाजानं झोपमोड होते, असं असेल तर त्याला नक्की काहीतरी खुपतंय, दुखतंय किंवा खाजतंय.

अशा वेळी आधी औषध शोधू नये, पाय मोजावेत. एकच पंजा चाटतंय की चारही?

एकच असेल तर कारण बहुतेक वेळा त्याच पंजात असतं. आणि या दिवसांत माळावर पहिला संशय कुसळावर घ्यावा. कुसळी गवताचं बी म्हणजे छोटा भालाच. टोक सुईसारखं, त्यावर मागं वळलेले ताठ बारीक केस आणि मागं लांब शेपूट. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा आवळतो. धोतरात घुसलेलं कुसळ आलेल्या वाटेनं मागं निघत नाही, हे माळ तुडवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुत्र्याच्या बोटांच्या बेचकीतही तेच होतं: ते आत आतच सरकतं. काही दिवसांनी तिथं वाटाण्याएवढी गाठ येते, फुटते, भरल्यासारखी दिसते आणि पुन्हा फुटते. वरून कितीही मलम लावलं तरी कुसळ आत असेपर्यंत ती गाठ बसत नाही.

म्हणून रोज संध्याकाळी दोघांनी मिळून पाच मिनिटं काढावीत. एकानं कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला चुचकारावं, दुसऱ्यानं मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात एकेक बोट फाकवून वरून-खालून पाहावं. बाभळीचा काटा, चिरलेली नखी, बेचकीत फुगलेला गोचीड, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यानं भाजलेला तळवा, बरंच काही तिथंच सापडतं. टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्यानं सरळ ओढावं. आत गेलं असेल तर कोरत बसू नये, ते काम पशुवैद्यकाचं. पंजात काहीच दिसलं नाही आणि कुत्रं म्हातारं असेल, तर सांधा दुखत असण्याचीही शक्यता असते.

चारही पंजे, त्यासोबत कान आणि पोट खाजत असेल तर संशय ॲलर्जीकडे जातो. परागकण, धुळीतले माइट, पिसवांची लाळ, क्वचित खाणं. हा त्रास बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होतो. चाटून पंजा सतत ओला राहतो, ओलीत यीस्ट आणि जिवाणू वाढतात, त्यानं आणखी खाज सुटते. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस होतात ते रक्तानं नव्हे, लाळेतल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्यानं. फिरून आल्यावर पाय साध्या पाण्यानं धुवावेत आणि बेचक्यांसकट कोरडे पुसावेत. पावसाळ्यात तर पुसणं धुण्याहूनही महत्त्वाचं. खाण्याचा संशय असेल तर पशुवैद्यकानं ठरवून दिलेलं एकच अन्न साधारण आठ आठवडे द्यावं लागतं. आज दूध बंद, उद्या कोंबडी बंद, यातून काही कळत नाही.

घरगुती उपायांबाबत मात्र फार जपायला हवं, कारण पंजाला लावलेलं सगळं पोटात जातं. रॉकेल, जळकं ऑइल, शेतातलं फवारणीचं औषध यांतलं काहीही लावू नये. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी वापरायची जुनी रीत आहे. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते, आणि कुत्रं तर त्याच पंजानं तोंड-डोळे पुसतं. माणसांच्या आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉलच्या गोळ्याही देऊ नयेत. दवाखान्यात नेईपर्यंत चाटणं थांबवायला गळ्यात प्लास्टिकची कॉलर पुरते. जवळपास दवाखाना नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोनवर कोणता पाय, किती दिवस, कोणत्या महिन्यात त्रास वाढतो, एवढं सांगितलं तरी डॉक्टरांना नेमका अंदाज येतो.

एक प्रसंग मात्र वेगळा. काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कुत्र्यानं चावलेली जागा भरून आली असताना कुत्रं तीच जागा वेड्यासारखं चाटू-चावू लागलं आणि त्याचा स्वभावही बदलला, तर ते रेबीजचं लक्षण असू शकतं. अशा कुत्र्याच्या पंजाला हात घालायचाच नाही. त्याला दुरूनच कोंडून पशुवैद्यकाला कळवावं. त्याची लाळ कुणाच्या खरचटलेल्या कातडीला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर चावा नसला तरी धोका असतोच. जखम 15 मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवावी, डोळे-तोंड नुसत्या पाण्यानं, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लसीसाठी जावं.