म्हातारचळ की साकळलेले रक्त?

होळकर संघाच्या क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या इंदुरातील जुन्या मंडळींना मार्च १९६२ मधली बार्बाडोसची ती बातमी आठवत असेल. भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर ग्रिफिथचा वेगवान चेंडू आदळला. शिरस्त्राण घालण्याचा तो काळ नव्हे. कवटी फुटली, आत रक्त साकळले आणि मेंदूवर दाब येऊ लागला. तातडीने शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिले. तसेच पुण्याचे बोर्डे, नाशिकचे नाडकर्णी आणि सोलापुरात जन्मलेले उम्रीगर यांनीही दिले. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी कॉन्ट्रॅक्टरांच्या कवटीत धातूची पट्टी बसविली. ती थेट २०२२ साली काढण्यात आली. कॉन्ट्रॅक्टर पुन्हा क्रिकेट खेळले. कसोटी सामना मात्र नाही.

हा आघात हजारो प्रेक्षकांदेखत झाला, म्हणून धावपळही लगेच झाली. परंतु मेंदूभोवतीचा रक्तस्राव दुसऱ्या एका वाटेनेही येतो, आणि ती वाट आपल्या घरातूनच जाते.

वयोमानाने मेंदू किंचित आक्रसतो. त्याच्यापासून वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात. मोरीत पाय घसरला, दाराची चौकट कपाळाला लागली, एवढ्यानेही त्यांतली एखादी तुटते. रक्त थेंबाथेंबाने झिरपते. कवटी काही फुगत नाही. दबतो तो मेंदू. दोन-चार आठवड्यांनी आजोबांचा तोल जाऊ लागतो, डोके दुखते, दिवसा झापड येते, बोलण्यात विसंगती दिसते. तोवर ते पडणे सारेच विसरलेले असतात. ‘आता वय झाले’ असे म्हणून घर गप्प बसते.

घरच्यांना तरी दोष का द्यावा? १८५७ साली रुडॉल्फ विर्चो यांच्यासारख्या थोर जर्मन पंडितानेही हा आवरणाच्या दाहाचा विकार मानला होता. १९१४ साली लंडनचे शल्यवैद्य विल्फ्रेड ट्रॉटर यांनी दाखवून दिले, की याचे मूळ बहुधा विसरल्या गेलेल्या लहानशा मारात असते. तरीही कवटीच्या आत डोकावणे सोपे नव्हते. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, आणि सी.टी. स्कॅनमध्ये साकळलेले रक्त काही मिनिटांत दिसू लागले.

उपचार तसा जुनाच आहे: कवटीला एक-दोन लहान छिद्रे पाडून रक्ताला वाट करून द्यायची व एक-दोन दिवस नळी ठेवायची. थोडे साकळले असेल तर नुसती देखरेखही पुरते. काहींना रक्त पुन्हा साचते, म्हणून नंतरही लक्ष ठेवावे लागते. परंतु वेळीच दाब उतरला, तर घरच्यांना न ओळखणारे आजोबा पुन्हा नावाने हाक मारतात, असे अनेकदा घडते.

म्हणून वडीलधाऱ्यांच्या वागण्यात काही आठवड्यांत फरक पडला, तर म्हातारचळ म्हणण्याआधी ते कुठे पडले होते काय, हे आठवून पाहावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना तेही आवर्जून सांगावे. आणि मार लागताच उलट्या, बेशुद्धी किंवा अंगाच्या एका बाजूचा अशक्तपणा दिसला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.