पाळणाघरात मूल ठेवताना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चौदा महिन्यांच्या मुलाला घेऊन एक आई संध्याकाळी दवाखान्यात आली. स्वतः हिंजवडीत नोकरीला, नवरा फिरतीवर, सासूबाई गावी. "डॉक्टर, याला संध्याकाळी घरी आणलं की नुसता पेंगतो, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो." मी तपासले. ताप नाही, छाती साफ, वजन वयाला साजेसे. तोंड मात्र कोरडे वाटले.

"औषध काही चालू आहे का?"

"नाही."

"दिवसा कुठे असतो?"

"घराजवळच्या पाळणाघरात."

मी एवढेच म्हटले, "एकदा न कळवता दुपारी जाऊन या."

ती गेली. दोन खोल्यांत अकरा मुले, सांभाळायला एकटी बाई, आणि भरदुपारी सगळी मुले गाढ झोपलेली. फडताळावर सर्दीच्या सिरपची बाटली. "नाक वाहत होतं म्हणून दिलं," असे उत्तर मिळाले. त्या माऊलीने मुलाला तिथून काढले. मग दवाखान्यात येऊन तिने मला विचारले, "डॉक्टर, याची तक्रार करायची कुणाकडे?"

वाचकहो, मला त्या वेळी चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून आजचा हा लेख.

प्रथम औषधाविषयी. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन हे औषध असते. त्याने गुंगी येते, तोंड कोरडे पडते. मात्रा जास्त झाली तर लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात काढला. २०२५ च्या ऑक्टोबरात, मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात दूषित सिरपने मुले दगावल्यानंतर, दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावले. तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी आणि आई-वडिलांची परवानगी असल्याशिवाय पाळणाघरात एक थेंबही औषध देता कामा नये.

आता कायद्याकडे वळू. आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यावे, असे ठरले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. बांधकाम मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद झाली. पुण्यात 'तारा मोबाइल क्रेशेस' ही संस्था बांधकामाच्या जागी अशी पाळणाघरे चालवते. गोरगरिबांच्या मुलांसाठी १९७५ पासून अंगणवाड्या आहेत. खासगी पूर्वप्राथमिक शाळांनी आपली माहिती सरकारी संकेतस्थळावर नोंदवावी, असे राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये सांगितले.

पण आपल्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या पाळणाघरापर्यंत यातले काय पोचते? ते ना कंपनीचे, ना सरकारचे, ना शाळा. शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढचा. तीन वर्षांखालचे मूल, म्हणजे ज्याला स्वतःला काही सांगता येत नाही तेच, सगळ्यांच्या हातून निसटते. फौजदारी कायदा आहे. बालन्याय कायदा, २०१५ याच्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाला मारहाण करणे किंवा त्याची जाणूनबुजून हेळसांड करणे हा गुन्हा आहे, आणि मुले सांभाळणाऱ्या संस्थेतील व्यक्तीने तो केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण हा कायदा घटना घडल्यावर येतो. २०१६ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा सगळे हळहळले. आधी कुणी डोकावले असते, तर?

तोपर्यंत डोकावण्याचे काम आपल्यालाच करायचे आहे. पाळणाघर ठरवताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. माणसे किती? २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठे माणूस, असे प्रमाण सांगितले आहे. हे कमीत कमी झाले. रांगती मुले असतील तर दहाही जास्तच. एकटी बाई असेल तर ती स्वयंपाकघरात गेल्यावर मुलांकडे कोण पाहते, हे विचारावे.

२. पाणी. भरलेली बादली हा रांगत्या मुलाचा मोठा शत्रू. वीतभर पाण्यातही मूल बुडू शकते. न्हाणीघराला बाहेरून कडी हवी.

३. गॅस, गरम पाणी, वीज. स्वयंपाकघराला फळी किंवा जाळीचे दार, प्लगच्या भोकांना झाकण, खिडकी-बाल्कनीला जाळी आणि आग लागल्यास बाहेर पडायला मोकळी वाट.

४. घशात अडकणाऱ्या वस्तू. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, नाणी आणि खेळण्यातले बटणासारखे चपटे सेल. सेल गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत जखम होते, तेव्हा वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

५. स्वच्छता. लंगोट बदलण्याची जागा आणि जेवणाची जागा वेगळी हवी. हात धुवायला साबण हवा. प्रत्येकाची बाटली-वाटी वेगळी.

६. आजारी मूल. लसीकरणाचे कार्ड न पाहता प्रवेश देणाऱ्या पाळणाघरापासून जपून राहावे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली होती, हे विसरू नये. कांजिण्यांच्या सगळ्या खपल्या धरेपर्यंत, जुलाब थांबून दोन दिवस होईपर्यंत मूल घरीच ठेवावे. आई-बापांनीही क्रोसिन पाजून तापलेले मूल सोडून जाऊ नये. हे मी फार पाहतो.

७. दार उघडे आहे का? "कधीही या" म्हणणारे पाळणाघर चांगले. "दुपारी पालकांना आत सोडत नाही" हे उत्तर मिळाले, तर दुसरे शोधावे. कॅमेरा असला तरी ही अट सोडू नये.

आता मुलाकडे पाहू. पहिले दोन-तीन आठवडे सोडताना रडणे स्वाभाविक आहे. पण रुळलेले मूल एकाएकी घाबरू लागले, एका ठरावीक माणसाला पाहून आक्रसले, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, तर कारण शोधावे. चालत्या मुलाला नडगीवर, कपाळावर लागतेच. गाल, कान, पाठ, दंड, कुल्ले इथले वळ मात्र पडण्याचे नसतात. आणि जे मूल अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर काळानिळा डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवावेच.

लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली, तरी गप्प बसू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे सर्वांनाच बंधनकारक आहे. त्यात आम्ही डॉक्टर आलो, संस्थाचालकही आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेतील दोन चिमुरड्यांचे प्रकरण सर्वांच्या लक्षात आहे. तिथे तक्रार नोंदवण्यात उशीर झाला, आणि लोकांचा संताप उसळला. मुलाला आंघोळ घालण्याआधी, कपडे न धुता, सरकारी रुग्णालय किंवा पोलीस ठाणे गाठावे. मुलाला उलटसुलट प्रश्न विचारू नयेत. ते जे सांगेल ते शांतपणे ऐकावे.

तर, त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठीची मदत फुकट मिळते. तातडीचे असेल तर ११२. जिल्ह्याची बालकल्याण समिती आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज करता येतो. अर्जावर पोच घ्यावी.

शेवटी पाळणाघर चालवणाऱ्या भगिनींना दोन शब्द. तुमच्यातल्या कित्येकींनी दुसऱ्यांची मुले पोटच्यासारखी वाढवली आहेत, हे मी पंचवीस वर्षे पाहतो आहे. अकरा मुले एकटीने सांभाळणे कुणालाच झेपणारे नाही. त्यात नुसता तुमचा दोष नाही, कमी पैशांत मूल ठेवू पाहणाऱ्या आमचाही आहे. मदतनीस ठेवा, त्यासाठी फी वाढवा आणि पालकांना कारण सांगा. शहाणे पालक देतील.

आणि पालकहो, उद्या मूल सोडायला जाल तेव्हा दहा मिनिटे हातात ठेवून जा. चपला काढून आतपर्यंत जा. न्हाणीघर बघा, फडताळ बघा.