राखेतून उभी राहिलेली सिनेतेका
मेक्सिको सिटीतलं ‘सिनेतेका नासिओनाल’ हे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९७४ मध्ये सुरू झालं. २४ मार्च १९८२ रोजी, चित्रपटाचा खेळ चालू असतानाच तिथे आग लागली. माणसं दगावली, हजारो चित्रपटांची रिळं खाक झाली. जुनी नायट्रेट फिल्म असते फार घातकी. पेटली की जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. ही हानी कधीच भरून येणारी नाही.

आगीनंतर, १९८४ पासून सिनेतेका शहरातल्या शोको भागात आहे. तिथल्या हिरवळीवर बसून रात्री उघड्यावर सिनेमा पाहता येतो. कोयोआकानमधलं चित्रकार फ्रिडा काहलोचं ‘निळं घर’ जवळच आहे. त्याचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवावं.