जोड कोण लावतं?

मुष्टियुद्धाची बातमी आपल्याकडे पेपरात छोट्याशा चौकटीत येते. अमक्याने तमक्याला सहाव्या फेरीत गारद केलं, एवढंच त्यात असतं. हा तमका आला कुठून, त्याला कोणी बोलावलं, आणि नेमक्या याच दोघांनी एकमेकांसमोर का उभं राहायचं, हे कोणी सांगत नाही. मला निकालापेक्षा या आधीच्या गोष्टीचं कुतूहल जास्त वाटत आलंय. कारण पुष्कळदा अर्धी लढत रिंगणात उतरण्यापूर्वीच झालेली असते.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, ‘जोड’.  गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड ज्यांनी पाहिलाय, त्यांना जोड लावणं म्हणजे काय ते सांगायला नको. सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या होतात, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. मग इनामाचा आकडा चढत जातो. पंच दोन पैलवानांना खांद्याला खांदा लावून उभे करतात, त्यांची अंगलोट बघतात, वस्तादांना विचारतात आणि एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतात. एकाच तालमीचे दोन पठ्ठे सहसा एकमेकांवर सोडत नाहीत. जोड विजोड दिसली, तर भोवतीची माणसंच आरडाओरडा करतात. मोठ्या मैदानांच्या कुस्त्या आधी ठरतात, पत्रकावर छापल्या जातात. पण तिथेही पारखायला हजारो डोळे असतात.

ऑलिम्पिकसारख्या स्पर्धांची तऱ्हा वेगळी. तिथे वजनाचे गट असतात आणि कोण कोणाशी लढणार ते सोडतीने ठरतं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा समोर कोण येणार हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं. जो आला त्याच्याशी लढायचं.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र ना पंच जोड लावतात, ना सोडत निघते. तिथे जोड हा व्यवहार आहे. लढत भरवणारा प्रवर्तक, बॉक्सरचा कारभार पाहणारा मॅनेजर आणि जोड जुळवणारा मॅचमेकर, असे तिघे बसून तो ठरवतात. वजन किती, फेऱ्या चार की बारा, मानधन कोणाला किती, लढत कोणाच्या शहरात, यातल्या प्रत्येक गोष्टीवर घासाघीस होते. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात, त्याचं म्हणणं जास्त चालतं.

नवा बॉक्सर बाजारात आणायचा, तर त्याला पहिल्याच दिवशी वाघासमोर उभं करत नाहीत. त्याची नोंदवही चांगली दिसली पाहिजे. दहा लढती, दहा विजय, असं जाहिरातीत छापता आलं पाहिजे. त्यासाठी प्रतिस्पर्धी पायरीपायरीने निवडतात. आधी ज्याच्या ठोशात दम नाही असा, मग चिवट, मग उंच, मग डावखुरा. डावखुऱ्याशी लढणं अनेकांना अवघड जातं, कारण ठोसा नेहमीच्या बाजूने येत नाही. चांगला मॅचमेकर या निवडीतून पोराला शिकवतो. वाईट मॅचमेकर त्याला नुसता फुगवतो.

या पायऱ्या होणारीही माणसंच असतात. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा पीटर बकली म्हणून बॉक्सर होता. कारकिर्दीत तो बरोबर ३०० लढती लढला आणि त्यातल्या २५६ हरला. ऐन वेळी बोलावणं आलं तरी जायचं, नव्या पोरांशी लढायचं, शक्यतो स्वतःला सांभाळायचं आणि पैसे घेऊन घरी यायचं, हा त्याचा पेशा. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीदही त्याच्याशी लढून गेला. २००८ साली बकली तीनशेवी आणि शेवटची लढत खेळला, आणि ती मात्र जिंकला. त्याने कुणाला फसवलं नाही. तो हरायला ठरवून जात नव्हता. फक्त त्याला बोलावणाऱ्यांना त्याची हार जवळजवळ नक्की ठाऊक असायची.

हा हिशेब आपल्याजवळही येऊन गेलाय. ऑलिम्पिक पदक मिळवलेला विजेंदर सिंग २०१५ साली व्यावसायिक झाला. त्याची पहिली लढत मँचेस्टरला, सॉनी व्हाइटिंगशी, फक्त चार फेऱ्यांची होती. ती तिसऱ्याच फेरीत संपली. पुढच्याच वर्षी दिल्लीत केरी होपशी दहा फेऱ्या झाल्या. आणि ५ ऑगस्ट २०१७ रोजी वरळीच्या एनएससीआय संकुलात त्याच्यासमोर चीनचा डावखुरा झुल्पिकार मैमैतीअली उभा राहिला. दोघांकडे एकेक किताब होता आणि दोन्ही पणाला लागले होते. विजेंदर गुणांवर जिंकला, पण फरक थोडाच होता. चार फेऱ्यांपासून दोन किताबांपर्यंत, अशी ही शिडी बांधली गेली होती.

शिखरावर पोचल्यावर निवडीचा प्रश्न उलटा होतो. आता कोणाशी लढायचं यापेक्षा कोणाला टाळायचं, हे महत्त्वाचं ठरतं. म्हणून जागतिक संघटनांनी नियम केलाय. त्या आपापली क्रमवारी लावतात आणि ठरावीक मुदतीत विजेत्याला नेमलेल्या आव्हानवीराशी लढावंच लागतं, नाहीतर किताब जाऊ शकतो. पण प्रमुख संघटनाच चार आहेत, त्यामुळे पळवाटाही तितक्याच. मेवेदर आणि पॅकियाव यांच्या लढतीची बोलणी २००९ साली सुरू झाली. रक्ततपासणीच्या अटींवर ती फिसकटली, आणि प्रत्यक्ष लढत झाली २ मे २०१५ला. तोवर मेवेदर ३८ वर्षांचा झाला होता, पॅकियाव ३६ वर्षांचा. पैसा अफाट मिळाला, पण ऐन उमेदीतले ते दोघे एकमेकांसमोर कधी आलेच नाहीत.

थोर गामा पैलवानाचीही कथा अशीच. १९१० साली तो लंडनला गेला आणि आव्हान देत फिरला, तर बडे मल्ल त्याच्या वाटेला जाईनात. अखेर झ्बिस्को तयार झाला. तो दोन तासांहून अधिक वेळ बहुतेक जमिनीलाच चिकटून राहिला आणि कुस्ती निकालाविना सुटली. पुन्हा जोड लागायला १९२८ साल उजाडलं. पतियाळ्याला त्या दुसऱ्या कुस्तीचा निकाल एका मिनिटाच्या आत लागला.

हिशेब चुकतोही. १९९० साली टोकियोत माइक टायसनसाठी बस्टर डग्लस हा सोपा गडी समजला गेला होता. त्याने टायसनला दहाव्या फेरीत झोपवलं. विजेंदरही बारा लढती अपराजित होता. मार्च २०२१मध्ये गोव्यात, कॅसिनोच्या जहाजावर, उंचापुऱ्या रशियन आर्टिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत हरवलं. नोंदवहीतली अनुभवाची पानं विजेंदरचीच जास्त होती. पण वर्षाहून अधिक काळ तो लढतीपासून दूर होता, आणि ते पान नोंदवहीत लिहिलेलं नसतं.

इथे कोणी विचारेल, मग ही नुरा कुस्तीच नाही का? नाही. नुरा कुस्तीत निकाल आधी ठरतो, दोघे मिळून प्रेक्षकांना बनवतात. इथे निकाल खुला असतो, फक्त तराजू एका बाजूला झुकवलेला असतो. मुशायऱ्यातसुद्धा कोणामागून कोण वाचणार हे सूत्रसंचालक ठरवतो. गाजलेल्या शायरानंतर नवख्याला उभं केलं, तर त्याची गझल चांगली असूनही पडते. तरी तिथे पडते ती गझल. रिंगणात माणूस पडतो.

म्हणूनच हा विषय नुसत्या धंद्याचा राहत नाही. १९८२च्या नोव्हेंबरात कोरियाचा डुक कू किम लास वेगासजवळच्या एका लढतीत चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत वारला. त्यानंतर किताबाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आणल्या गेल्या. ती जोड विजोड नव्हती, किम तयारीचा बॉक्सर होता. तुल्यबळ लढतीत जर हे होऊ शकतं, तर पैशाच्या गरजेपोटी, अपुऱ्या तयारीने, दोन दिवस आधी बोलावणं आलेल्या माणसाचं काय होईल? जोड लावणाऱ्याच्या हातात तिकिटविक्रीबरोबर एक जीवही असतो. फडातल्या पंचाला हे कळायचं. विजोड दिसली की तो धाकट्याच्या पाठीवर थाप मारून त्याला मागे पाठवायचा.

तेव्हा यापुढे एखाद्याची अपराजित म्हणून जाहिरात दिसली, तर किती लढती जिंकल्या यावर थांबू नका. कोणाशी जिंकल्या, कोणाच्या गावात जिंकल्या आणि ती जोड कोणी लावली, एवढं जरूर विचारा. आणि समोर जो हरला, त्याचं नावही एकदा वाचा. त्याच्याशिवाय लढत झालीच नसती.