उदगीरचं कापड, सारनाथचं चाक

उदगीर म्हटलं की १७६० सालची लढाई आठवते. सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं आणि त्यानंतर मराठ्यांच्या फौजा पानिपताच्या वाटेला लागल्या. लातूर जिल्ह्यातल्या या गावाची आणखी एक ओळख आहे, पण तिच्याकडे मराठवाड्याबाहेर कुणाचं फारसं लक्ष जात नाही. सरकारी इमारतींवर फडकणाऱ्या तिरंग्याचं खादी कापड इथल्या हातमागांवर विणलं जातं. हे काम नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं. विणकाम उदगीरला, धुलाई आणि रंगाई अहमदाबादला, कापणं, छापणं, शिवणं पुन्हा नांदेडला, असा या कापडाचा प्रवास. भारतीय मानक ब्युरोच्या मोजमापात बसणारे खादीचे राष्ट्रध्वज तयार करणारी ठिकाणं देशात मोजकीच आहेत. हुबळीचं बेंगेरी हे त्यांतलं एक, नांदेड दुसरं.

हे काम मराठवाड्याकडे असण्याला मी योगायोग म्हणणार नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा उदगीर आणि नांदेड निजामाच्या राज्यात होते. तिथं तिरंगा हाती घेणं म्हणजे तुरुंगाची वाट धरणं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकावला आणि त्यांना अटक झाली. मराठवाड्याला तो झेंडा उघडपणे लावता आला १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपल्यानंतर. त्याच स्वामीजींच्या पुढाकारानं १९६७ साली ही समिती उभी राहिली. ज्या मुलखात झेंडा लपवून ठेवावा लागला, तिथं आज तो तयार होतो. मला ही गोष्ट मराठवाड्याच्या प्रत्येक शाळेत सांगावीशी वाटते.

कापडाची परंपरा इथं त्याहून फार जुनी. लातूरच्या शेजारचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं साधं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जात असल्याची नोंद आहे. पुढं नांदेडच्या तलम कापडाचाही निजामाच्या मुलखात बोलबाला होता. नांदेड-परभणीकडचा गावरानी कापूस तर देशी वाणांत सुतासाठी नावाजलेला. एकीकडे उस्मानशाही मिलचा भोंगा वाजायचा, दुसरीकडे साळी, कोष्टी आणि मोमीन घरांत धोटा चालायचा. मिल गेली. घरांतले मागही बहुतेक गेले.

झेंड्याचं कापड मात्र मागावरच राहिलं. ते हातानं कातलेल्या सुताचं असतं आणि विणकराची कसोटी तिथूनच सुरू होते. गिरणीचं सूत एकसारखं येतं. चरख्यावरच्या सुतात कातणाऱ्याचा हात उतरलेला असतो, कुठं जरा जाड, कुठं बारीक, कुठं पीळ कमी. अशा सुताच्या लड्या उकलायच्या, त्यांना खळ द्यायची, ताणा लावायचा, एकेक तार वहीतून आणि फणीतून ओवायची. मग पावडी दाबली की ताण्याचे दोन थर वेगळे होतात, मधून धोटा धावतो आणि फणीचा ठोका बसतो. ठोका जोरात बसला तर कापड दाटतं, हलका बसला तर विरळ होतं. साडीत किंवा पंच्यात एवढा फरक चालून जातो. इथं चालत नाही, कारण हेच कापड पुढं धुतलं जाणार, तीन रंगांत रंगणार, आकसणार आणि तरीही तिन्ही पट्टे सारख्याच रुंदीचे उतरले पाहिजेत.

शिवाय एका झेंड्याला दोन कापडं लागतात. अंगासाठी बंटिंग आणि काठीच्या बाजूची दोरी जिच्यातून जाते त्या पट्टीसाठी जाडं, पिवळसर डक. डकमध्ये नेहमीच्या दोन धाग्यांऐवजी तीन धाग्यांची वीण घालतात. ती जमणारे विणकर फार थोडे आहेत.

भारतीय मानकांच्या यादीत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचाच आहे. १९५१ साली ते मानक आलं आणि १९६८ साली सुधारलं गेलं. त्यात ध्वजाची नऊ मापं दिली आहेत. सगळ्यात मोठा ध्वज ६३०० बाय ४२०० मिलिमीटरचा, सगळ्यात लहान टेबलावरचा, १५० बाय १०० चा. लांबी-रुंदीचं प्रमाण सगळीकडे ३:२. मोठ्या ध्वजावर चक्राचा व्यास १२९५ मिलिमीटर, टेबलावरच्या ध्वजावर २५. पंचवीस मिलिमीटरच्या वर्तुळात चोवीस आरे, तेही दोन्ही बाजूंनी एकमेकांवर बरोबर बसणारे! कापडाच्या पाठीवर छापताना चक्र केसभर सरकलं, तर उन्हात झेंडा धरल्यावर आरे दुहेरी दिसतात.

दोन्ही बाजूंच्या या अटीनंच झेंड्यावरचा चरखा बदलला. आधीच्या तिरंग्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत ठराव मांडताना नेहरूंनी अडचण सांगितली, की चरख्याचं चाक एका अंगाला आणि चाती दुसऱ्या अंगाला असल्यानं मागून पाहिलं की चित्र उलटं होतं. चाक कुठूनही पाहिलं तरी चाकच. म्हणून सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाखाली, चौथऱ्यावर कोरलेलं चक्र घेतलं. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात चुनारच्या दगडात कोरलेलं हे शीर्ष १९०५ च्या उत्खननात मातीतून वर आलं होतं.

एरवी उलट होतं. कापड कुजतं आणि त्याची आठवण दगड सांभाळतो. मेक्सिकोतल्या याशचिलान इथल्या, आठव्या शतकातल्या एका माया शिल्पपट्टात राणीच्या वस्त्रावरची नक्षी इतकी बारकाईनं कोरली आहे, की आजच्या चिआपासमधल्या माया विणकर बायांच्या कापडाशी ती ताडून पाहता येते. आपल्याकडे देगलूर तालुक्यातल्या होट्टलला, निलंग्याच्या नीलकंठेश्वरावर, खरोशाच्या लेण्यांत मूर्तींच्या वस्त्रांच्या चुण्या आणि कंबरपट्टे पाहावेत. ते कापड विणणाऱ्यांचा मागमूस नाही, पण पाथरवटानं ते पाहिलं होतं हे नक्की. तिरंग्यात मात्र दगडातलं कोरीव काम उचलून कापडावर आलं आणि ते कापड हातमागाचं असावं असा देशाचा आग्रह होता.

तो आग्रह ३० डिसेंबर २०२१ ला सैल झाला. ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर तयार झालेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही मान्यता मिळाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' झालं. घरोघरी झेंडा लागला याचा आनंद आहेच आणि कोट्यवधी घरांना खादी पुरवणं मागांना शक्य नव्हतं, हेही खरं. पण घराच्या गच्चीवरच्या झेंड्याला दिलेली मोकळीक शासनाच्या कचेरीनं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त पॉलिएस्टरशी उदगीरच्या विणकरानं दरात स्पर्धा करावी ही अपेक्षाच अन्यायाची. मागणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरच्या तोंडावर येते. माग मात्र बारा महिने चालावा लागतो, कारण सूत, विणाई, रंगाई, छपाई आणि शिलाई हे पंधरा दिवसांत होणारं काम नाही. तयार ध्वज कपाटात पडून राहिले की पुढच्या सुताचे आणि मजुरीचे पैसे अडकतात. एकदा विणकर माग सोडून रोजगाराला शहरात गेला, की डकची तीन धाग्यांची वीण शिकवायला कुणी उरणार नाही.

उपाय हाताशी आहे. नांदेड आणि लातूरच्या ग्रामपंचायतींनी, जिल्हा परिषदेच्या शाळांनी, महाविद्यालयांनी आपली मागणी उन्हाळ्यातच नोंदवावी. वाऱ्यापावसानं फाटलेला किंवा विटलेला ध्वज लावू नये असा नियम आहे, तेव्हा झेंडा वरचेवर बदलावा लागतोच. घेताना कापड हातात धरून पाहावं, मानक ब्युरोचा शिक्का तपासावा, मग झेंडा उजेडासमोर धरावा. दोन्ही बाजूंचे आरे एकावर एक बसले आणि कापडात हातसुताची किंचित उंचसखल वीण दिसली, की झेंडा घ्यायला हरकत नाही.