जर्मनीत घर मांडताना

कुटुंबासह जर्मनीत राहायला आल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत जी धावपळ होते, तिच्यातली बरीचशी क्रम चुकल्यामुळे होते. इथे एका कागदावर दुसरा कागद अवलंबून असतो. म्हणून ज्या क्रमाने गोष्टी कराव्या लागतात, त्याच क्रमाने पाहू.

सर्वांत आधी दारावरचं नाव. इथे फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन पत्रपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. किल्ली मिळेल त्याच दिवशी बेलवर आणि पेटीवर नाव लावून घ्या. पतिपत्नींची आडनावं वेगळी असतील, तर दोन्ही लावा. बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक सगळं टपालानेच येतं. पेटीवर नाव नसलं की पत्र आल्या वाटेने परत जातं आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. मोठ्या शहरांत नागरिक कार्यालयाची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून ती आधीच घेऊन ठेवावी. बहुतेकांचं अडतं ते पुढे: नुसता भाडेकरार चालत नाही. आपण या घरात राहायला आलो आहोत, असं घरमालकाने सहीनिशी लिहून दिलेला वेगळा कागद लागतो. तात्पुरत्या घरांचे काही मालक तो देत नाहीत. पैसे भरण्याआधीच विचारून घ्या. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला मराठीत असेल, तर अधिकृत अनुवादकाकडून जर्मन भाषांतर करून ठेवावं.

नोंद झाली की 11 अंकी कर क्रमांक घरी येतो. तो लगेच नोकरीच्या ठिकाणी कळवा, नाहीतर पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल: घरामागे दरमहा 18.36 युरो. घरात टीव्ही नाही म्हणून ते बाजूला टाकू नका. वर्गणी तरीही द्यावीच लागते.

आरोग्यविमा निवडताना घाई नको. सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता सामावली जातात. खासगी विम्यात माणशी हप्ता असतो, आणि एकदा तिकडे गेल्यावर परत येणं अवघड. लहान मुलांच्या घराने याचा नीट विचार करावा.

आता ‘किटा’, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. 2013 पासून वर्षाच्या मुलालाही जागेचा कायदेशीर हक्क आहे; प्रत्यक्षात जागा कमी पडतात. त्यामुळे एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नये. मार्च 2020 पासून गोवराच्या लसीचा पुरावाही लागतो. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला दोन मात्रा झालेल्या असाव्या लागतात. आपल्याकडच्या लसीच्या कार्डावर तारखा पुसट असतात, लसीचं नाव नुसतं आद्याक्षरांत असतं. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ते स्वच्छ लिहून, शिक्का मारून घ्या.

जागा मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मूल सोडून कामावर जाता येईल, असं मात्र नाही. आधी ‘आइनगेव्यॉनुंग’, म्हणजे मुलाला हळूहळू रुळवणं. बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गात थोडा वेळ बसून राहतात. चौथ्या दिवशी पालक सांगून, निरोप घेऊन काही मिनिटं बाहेर जातात. मूल ताईंकडून शांत झालं, तर वेळ वाढवत नेतात. नाही झालं, तर आणखी काही दिवस थांबतात. सगळं बसायला काही आठवडे जातात. आपल्या मुलाला तर भाषाही नवी, तेव्हा थोडा जास्त वेळ धरा. मूल खेळात गुंगलेलं पाहून गुपचूप निघून जाणं ही इथली मोठी चूक, कारण मग ते पालकांना नजरेआड होऊच देत नाही. घरी मराठीच बोला. जर्मन मूल किटात उचलेल. रुजू होण्याची तारीख ठरवताना हे आठवडे नोकरीच्या ठिकाणी स्पष्ट सांगून ठेवावेत.

घरात दोन गोष्टी सांभाळा. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात, त्यामुळे इडलीचं पीठ शनिवारीच मिक्सरमधून काढून ठेवलेलं बरं. रविवारी दुकानंही बंद असतात. दुसरी गोष्ट, थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. कुकरची वाफ आणि आत वाळणारे कपडे यांनी भिंतींना बुरशी धरते, आणि घर सोडताना तिचा खर्च आपल्या माथी येऊ शकतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच कार्यालयाच्या यादीत नसते. नोकरी करणाऱ्याला ऑफिस मिळतं, मुलांना किटा मिळते. घरी राहिलेल्या जोडीदाराचा दिवस रिकामा जातो. ‘ब्लू कार्ड’वर आलेल्यांच्या जोडीदाराला इथे काम करायची मुभा असते, आणि त्याला येण्यापूर्वी जर्मनची परीक्षाही द्यावी लागत नाही. ही सवलतच पुढे अडचणीची होते, कारण भाषा मागे राहते. गावोगावच्या ‘फोल्क्सहोखशूल’मध्ये, म्हणजे प्रौढांच्या सार्वजनिक शिक्षणकेंद्रात, परवडणारे भाषावर्ग असतात. मुलाच्या किटाचं ठरेपर्यंत थांबू नका. संध्याकाळच्या वर्गात नाव घाला आणि तेवढा वेळ मूल कमावत्या जोडीदाराने सांभाळावं, हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाका.